तूही बस

ताटं मांडून झाली होती, पाणी भरलं होतं, ओव्हनमधून काढलेलं कढत भांडं टेबलाच्या मधोमध लाकडी पाटावर ठेवलं होतं आणि आई खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. "तुम्ही बसा, मी वाढते," म्हणाली. वाढायचं काही नव्हतंच. पास्ता त्याच भांड्यात कालवलेला होता, त्यात मोठा डाव होता, ज्याने त्याने हात लांबवून घ्यायचं होतं. तव्यावर पोळी नव्हती, कुकरची वाफ जायची नव्हती, कोशिंबिरीला फोडणी द्यायची राहिली नव्हती. मी म्हटलं, "आई, तूही बस." ती "हो, हो" म्हणत ओट्याकडे वळली. तिथे काहीतरी पुसलं, शेगडीची बटणं पाहिली, नळ घट्ट केला, परत आली आणि पुन्हा तशीच उभी राहिली. शेवटी नवऱ्याने तिच्या ताटात वाढलं तेव्हा बसली. बसली तीसुद्धा खुर्चीच्या कडेवर, कधीही उठता येईल अशी.

ते कडेवर बसणं माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

आम्ही हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पोमध्ये राहतो. डिसेंबरात इथे सूर्य सव्वानऊच्या पुढे उगवतो आणि सव्वातीनच्या सुमाराला मावळतो, तोही ढगांतून दिसला तर. लेक ऑक्टोबरच्या शेवटी झाली आणि आई लगेच रत्नागिरीहून आली. व्हिसा 90 दिवसांचा, त्यामुळे तिच्या येण्याला पहिल्यापासून शेवट जोडलेला होता. बॅगेत कपडे कमी आणि हळीव, डिंक, बाळंतशोपा, सुंठ, घरचं मेतकूट जास्त. सव्वा महिना तिने मला ओट्याजवळ फिरकू दिलं नाही. शेपूची भाजी, मऊ भात, तुपातला शिरा, हळिवाची खीर, वेळच्या वेळी, गरम. आंबट बंद, वातूळ बंद, गार पाणी बंद. बाहेर दुपारी चारला मिट्ट काळोख आणि आत डिंक तळल्याचा वास. मी त्या वासात अगदी लहान झाले होते. सव्वा महिना उलटला तसं मी जाहीर केलं, आज रात्रीचं मी करते. ती म्हणाली, "सोपं काहीतरी कर, उभं राहू नकोस फार." फार उभं राहावं लागत नाही म्हणूनच तर मी हा पदार्थ निवडला होता. टोमॅटो, चीज, लसूण, तेल असं एका भांड्यात घालायचं, ओव्हनमध्ये सरकवायचं, बाजूला पास्ता उकडायचा आणि शेवटी दोन्ही एकत्र करायचं.

आता हे करतात कसं ते सांगते, कारण त्यात मला फार सुख आहे. काचेचं किंवा मातीचं पसरट भांडं घ्यायचं. अर्धा किलो चेरी टोमॅटो धुऊन, पुसून, अख्खे त्यात घालायचे. पुसायचं विसरायचं नाही, नाहीतर ते भाजण्याऐवजी शिजतात. मधोमध फेटा या ग्रीक चीजची 200 ग्रॅमची अख्खी वडी ठेवायची. लसणाचा एक गड्डा सोलून पाकळ्या आजूबाजूला खोचायच्या. अर्धी लाल मिरची, मिरपूड, सुकं ओरेगानो, आणि ऑलिव्हचं तेल हात आखडता न घेता, पाऊण वाटी तरी. मीठ नाही. फेटा महिनोन्‌महिने खाऱ्या पाण्यात राहिलेलं असतं, त्याच्याजवळ सगळ्या भांड्याला पुरून उरेल इतकं मीठ असतं. ओव्हन 200 अंशांवर, अर्धा-पाऊण तास. टोमॅटो फुटून त्यांचा रस तेलात उतरला, लसूण बोटाने दाबला जाईल इतका मऊ झाला आणि फेटाच्या कडांवर बदामी डाग पडले की झालं.

तेलाची बाटली उघडल्यावर आई थबकली. ऑलिव्हचं तेल तिच्या लेखी औषधाच्या दुकानातून आणायच्या छोट्या डब्यातलं, तान्ह्या बाळाला चोळायचं. माझ्या आणि भावाच्या अंगाला तिने तेच लावलं होतं. त्याच सकाळी तिने नातीला पायांवर घेऊन मालीश केली होती आणि आता तेच तेल मी धारेने भांड्यात ओतत होते. ती काही बोलली नाही, बाटली हातात घेऊन वास मात्र घेतला. नंतर ओरेगानोची पुडी उघडली आणि म्हणाली, "यात ओवा आहे." ओवा नव्हता, पण तिचं नाक बरोबर होतं. ओव्याला ज्या द्रव्याने तो झणका येतो ते थायमॉल ओरेगानोतही असतं. बाळंतिणीला शेक देताना निखाऱ्यांवर टाकलेल्या ओव्याचा वास ज्या घरात फिरलेला आहे, त्या घरच्या बाईला ग्रीसच्या डोंगरातली वनस्पती ओळखीची वाटली, याचं मला फार बरं वाटलं.

चीजचा प्रश्न मात्र अवघड होता आणि तो मी आधीच सोडवून ठेवला होता. आई शुद्ध शाकाहारी, सोमवार आणि एकादशी करणारी. फेटा पारंपरिक रीतीने करताना दूध घट्ट करायला कोकराच्या किंवा करडाच्या जठरातून काढलेलं रेनेट वापरतात. पाकिटावर पुढे मेंढीचं चित्र असतं, ही गोष्ट मागच्या बारीक अक्षरांत असते, कधी तिथेही नसते. सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचं फेटाही मिळतं, ते शोधून आणलं. तिला फसवून खाऊ घालणं मला कधीच जमलं नसतं. परदेशात राहणारे बरेच जण आईवडिलांच्या बाबतीत "त्यांना कुठे कळतंय" म्हणून मोकळे होतात, त्याची मला चीड येते. जे माणूस आयुष्यभर आपल्या पथ्याला सांभाळत आलं, त्याच्या ताटात काय पडतं ते त्याला कळायलाच हवं. मी तिला दुकानातच सगळं समजावून सांगितलं. तिने पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "तू वाचलंयस ना? मग झालं."

भांडं ओव्हनमध्ये गेलं आणि आईची घालमेल सुरू झाली. ढवळायचं नाही? खाली लागलं तर? झाकण नको? मी पास्त्याचं पाणी ठेवलं आणि तिला ओव्हनच्या दारासमोर जमिनीवर सतरंजी घालून दिली. ती नातीला मांडीवर घेऊन बसली. आत दिवा लागलेला, काचेतून सगळं दिसत होतं. पहिली दहा मिनिटं काहीच होत नाही. मग तेलाला बारीक बुडबुडे येतात, एखादा टोमॅटो ताणून चकाकायला लागतो, त्याची साल तडकते, मग शेजारचा, मग एकामागून एक. लसणाचा वास आधी तिखट येतो, हळूहळू गोडसर होत जातो. खरं सांगायचं तर घर उबदार ठेवायला इथे ओव्हनची काही गरज नसते. तीन काचांच्या खिडक्या असतात, शहराच्या उष्णता-केंद्रातून नळांनी येणाऱ्या उष्णतेवर तापलेलं पाणी प्रत्येक खोलीच्या रेडिएटरमध्ये फिरत असतं, बाहेर उणे पंधरा असलं तरी आत सुती साडीत वावरता येतं. तरीही त्या पिवळ्या उजेडासमोर बसल्यावर आईने पदर सैल केला आणि पाय लांब केले. आल्यापासून प्रथमच मी तिला स्वयंपाकघरात बसलेली पाहत होते.

ते टोमॅटोही उजेडातलेच. फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर नॅर्पेस नावाचं गाव आहे, देशातल्या टोमॅटोंचा मोठा वाटा तिथल्या काचघरांतून येतो. हिवाळ्यात ती काचघरं दिव्यांनी उजळलेली असतात आणि खालून आलेल्या प्रकाशाने गावावरचे ढग रात्रभर नारिंगी दिसतात. ज्या महिन्यांत माणसाला ऊन दिसत नाही त्या महिन्यांत टोमॅटोला ते मिळतं. उन्हाळ्यातल्या टोमॅटोइतके ते गोड नसतात, पण भाजले की त्यांच्यातलं पाणी उडतं आणि असेल नसेल ती गोडी एकवटते. कच्च्या कोशिंबिरीत निराशा करणारे टोमॅटो या पदार्थात जीव ओततात.

याला सगळीकडे भूमध्य सागराकाठचं जेवण म्हणतात, पण या रूपात ते जगभर गेलं ते इथून, फिनलंडमधून. 2019 च्या सुरुवातीला येन्नी हॅयरिनेन या फिनिश बाईने आपली पाककृती मांडली आणि इथल्या दुकानांत फेटा कमी पडायला लागलं. दोन वर्षांनी, 2021 च्या हिवाळ्यात, टिकटॉकवरून ती अमेरिकेत पोहोचली आणि तिथेही फेटाची कपाटं रिकामी झाली. साथीमुळे घरात अडकलेल्या माणसांना त्या दिवसांत असंच काही हवं असणार. ग्रीसमध्ये भाजलेलं फेटा अर्थातच जुनं आहे. थेसालोनिकीच्या बाजूला बुयुर्दी करतात: मातीच्या लहान भांड्यात फेटा, टोमॅटो, हिरवी मिरची, लाल मिरचीचा भरडा, ओरेगानो, वरून तेल, आणि भट्टीतून आलेल्या त्या खळबळत्या भांड्यात पावाचे तुकडे बुडवायचे. सगळ्यांनी एकाच भांड्यातून. पास्ता त्यात नसतो. पास्ता भट्टीत घालायची रीत इटलीच्या दक्षिणेत आहे, ग्रीसच्या पास्तित्सिओत आहे, आणि फिनलंडच्या घरांतही आहे. इथे लहान मुलांना विचारा काय आवडतं, हमखास माकारोनीलातिक्को सांगतील. उकडलेली मॅकरोनी, परतलेला खिमा, वर दूध-अंड्याचं मिश्रण, आणि ओव्हन. कामावरून आल्यावर आठवड्याच्या मधल्या दिवशी करायचा हा साधा पदार्थ. भांडं भरून आत सरकवण्याची सवय ज्या घरांच्या हातात आधीपासून होती, त्यांनी फेटाचा पास्ता लगेच आपलासा केला यात मला नवल वाटत नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, मूळच्या पूर्वेकडच्या, कारेलियाच्या बाजूच्या. त्यांच्या लहानपणी घराच्या मधोमध विटांची मोठी भट्टी होती. सकाळी लाकडं पेटवायची, निखारे बाजूला सारायचे, कडक आचेत पिराक्का, म्हणजे सारण भरलेल्या पातळ पाऱ्या, भाजायच्या, आच जरा उतरली की राय या धान्याचे पाव, आणि रात्री उरलेल्या उबेत मांसाचं नाहीतर लापशीचं भांडं सारून भट्टीचं दार लावायचं. सकाळी ते तयार. भट्टीच्या माथ्यावर म्हातारी माणसं झोपायची. "रात्रभर भट्टी काम करायची," त्या म्हणाल्या, "आणि आई झोपायची." शेवटचं वाक्य त्या सहज बोलल्या. मी ते आईला मराठीत सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती.

आईच्या माहेरी, राजापूरजवळच्या खेड्यात, तिची आजी तवसळी करायची. जून काकडीचा कीस, तांदळाचा रवा, गूळ, खोबरं. पितळेच्या पातेल्याला केळीचं पान लावायचं, खाली मंद निखारे, वरच्या झाकणावरही निखारे, आणि चुलीची बाकीची आच काढून घ्यायची. आमच्या कोकणातला ओव्हन तो हाच. रायगडाकडे शेकोटीत पोपटीचं मडकं लावतात तेव्हाही तेच. आच चहूबाजूंनी द्यायची आणि हात लावायचा नाही. पण हे सगळं सणाचं, हौसेचं. रोजचा स्वयंपाक चुलीच्या तोंडाशी उकिडवं बसून नाहीतर ओट्याशी उभं राहून. मी लहान असताना दिवाळीच्या आधी आम्ही रवा, मैदा, पिठीसाखर, तूप घेऊन बेकरीत जायचो. तिथला माणूस पत्र्याच्या ट्रेमध्ये नानकटाया मांडून भट्टीत सारायचा आणि आई, मावशी, शेजारच्या काकू बाहेर बाकावर बसायच्या. नंबर लागायला तासन्‌तास जायचे. त्या बायका किती हसायच्या! कुणाला घाई नसायची. घरी मी आईला असं निवांत बसलेलं पाहिलं नव्हतं. नानकटाईचा गरम डबा मांडीवर घेऊन रिक्षातून घरी येताना ती आपणहून गाणं गुणगुणायची. त्या आनंदाचं श्रेय मी नानकटाईला देत आले. आता वाटतं, बाकाला द्यायला हवं होतं.

घरचं जेवण असं व्हायचं: बाबा, भाऊ आणि मी पाटावर. आई तव्याजवळ. पोळी फुगली की थेट ताटात, वर तूप. पहिली संपायच्या आत दुसरी. "अजून अर्धी?" "अगं, घे गं, गरम आहे." शेवटची पोळी तव्यावरून उतरेपर्यंत आमचा ताकभात झालेला असायचा. मग ती ओट्यावरचं आवरून, उरलेल्या भाजीचं पातेलं पुढ्यात ओढून, एकटी जेवायची. भाजी गार, पोळी गार, आम्ही बाहेरच्या खोलीत. मोठ्या पंगतीत तर पुरुष आधी, मुलं आधी, पाहुणे आधी, आणि बायका उन्हं कलल्यावर. यात कुणी तिला जबरदस्ती केली असं नाही. बाबा चांगले आहेत, तिच्यावर त्यांचा जीव आहे. पण आमचा स्वयंपाकच असा घडलेला आहे की चव टिकायची तर एकाने उभं राहायचं. फुलका दोन मिनिटांत वातड होतो. भजी, पुऱ्या, घावन, आंबोळी, थालीपीठ, सगळं तव्यावरून किंवा कढईतून थेट ताटात हवं. आणि ते एकजण कोण, हे कधी कुणाला विचारावं लागलं नाही.

मला तव्यावरची पोळी आवडते. हे लिहितानाही तिच्या हातच्या पोळीचा पहिला पापुद्रा सुटतो तो वास आठवतो आणि जीव कासावीस होतो. त्या पोळीत जी माया होती ती दुसऱ्या कशात मला मिळालेली नाही. म्हणून पाश्चात्त्यांचं बघा कसं छान, आपलं कसं वाईट, असं मला अजिबात म्हणायचं नाही. इथेही पिढ्यान्‌पिढ्या बायकाच राबल्या. पण भाजलेल्या पदार्थाची एक गोष्ट मला खरंच मोलाची वाटते. तो टेबलावर अख्खा येतो. सगळ्यांसाठी एकाच वेळी गरम असतो आणि भांडं जाड असलं तर चांगला पाऊण तास तसाच राहतो. करणाऱ्या माणसाचं काम जेवण सुरू होण्याआधी संपलेलं असतं. मी आईसाठी तो केला होता तो तिने सगळ्यांबरोबर, गरम, पहिला घास पहिल्या घासाच्या वेळी खावा म्हणून. आणि ती उभी राहिली.

त्या रात्री भांडी धुताना मी तिला विचारलं, बसायला काय झालं होतं? ती म्हणाली, "काही नाही गं. तुम्ही खाताना बघायचं असतं मला. बसलं की सगळ्यांची तोंडं दिसत नाहीत." मी यावर वाद घातला नाही. तिच्या उत्तरात खरेपणा होता आणि माझ्या दुःखातही होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात आणि त्यांची सांगड घालायची घाई मला नाही. पण मी टेबल फिरवलं. भिंतीला लागलेली लांब बाजू मोकळी केली आणि तिची खुर्ची टोकाला ठेवली, जिथून सगळ्यांची तोंडं दिसतात.

नंतर तो हिवाळाभर हा पदार्थ वारंवार झाला. तिलाही त्यात रस वाटायला लागला होता. एकदा तिने विचारलं, हे चीज वितळत कसं नाही? पिझ्झ्यावरचं तर तारा सोडतं. प्रश्न फार चांगला होता. मोझरेलात दुधाच्या प्रथिनांना बांधून ठेवणारं कॅल्शियम योग्य तेवढं शिल्लक असतं, म्हणून उष्णता लागली की ते जाळं सैल होऊन ताणलं जातं. फेटा जास्त आंबवलेलं. त्या आंबटपणाने बरंचसं कॅल्शियम निवळीबरोबर निघून जातं, जाळं वाहत नाही, नुसतं मऊ पडतं. म्हणून भाजल्यावरही वडीची वडी राहते. पण डावाने दाबून टोमॅटोच्या रसात आणि तेलात घोटली आणि पास्त्याचं पिठूळ पाणी वाटीभर घातलं की तिचं रेशमी सार होतं. त्या पाण्यातला स्टार्च तेल आणि रस वेगळे होऊ देत नाही. ती म्हणाली, "म्हणजे पनीरचं असं होणार नाही." होणार नाहीच. पनीर करताना दूध आधी उकळीला आणतात, त्यात निवळीतली प्रथिनंही केसीनला, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाला, चिकटतात, मग ते कितीही तापवा, हलत नाही. ती मान हलवत होती. मला कळलं की ती रत्नागिरीचा विचार करते आहे.

खऱ्या फेटाचे नियम तिला फार आवडले. 2002 पासून युरोपात हे नाव फक्त ग्रीसच्या ठरावीक प्रदेशांतल्या चीजला आहे: दूध मेंढीचं, फार तर 30 टक्के शेळीचं, निदान 2 महिने मुरवलेलं. डेन्मार्क आणि जर्मनी कोर्टात गेले, 2005 मध्ये ग्रीसच्या बाजूने निकाल लागला. डॅनिश कंपन्या युरोपाबाहेर तरीही गाईच्या दुधाचं चीज त्याच नावाने विकत राहिल्या, त्यावर 2022 मध्ये पुन्हा निकाल झाला. इथे गाईच्या दुधाचं तसंच दिसणारं चीज सलाड चीज म्हणून मिळतं, स्वस्तही पडतं. भाजल्यावर ते जरा रबरी होतं आणि त्याला तो मेंढीच्या दुधाचा उग्र, आंबूस दरवळ नसतो. आई हापूसच्या गावची. देवगड-रत्नागिरीचं नाव लावून भलतीकडचे आंबे विकणाऱ्यांवर तिचा जो राग आहे तो तिने तत्काळ ग्रीकांच्या वतीने डेन्मार्कवर काढला.

जानेवारीच्या शेवटी एका संध्याकाळी मी लेकीला झोपवून बाहेर आले तर ओव्हन लागलेला होता. तिने एकटीने सगळं मांडलं होतं. मिरच्या दोन घातल्या होत्या, लसूण दुप्पट आणि टोमॅटोंबरोबर गोड लाल भोपळ्याच्या फोडी. भोपळ्याची कल्पना उत्तम निघाली, फेटाच्या खारटपणाला त्याने मस्त तोलून धरलं. मी आता तसाच करते. भांडं टेबलावर आलं, तिने माझ्या आणि जावयाच्या ताटात वाढलं, मग स्वतःच्या ताटात वाढून घेतलं आणि टोकाच्या खुर्चीवर बसली. पाठ टेकली नाही. पण "अजून घे" म्हणताना उठली नाही, भांडं पुढे सरकवलं.

फेब्रुवारीत ती परत गेली. विमानतळावर तिने नातीबद्दल मला शंभर सूचना केल्या आणि मग विचारलं, "तो ओव्हन केवढ्याला मिळतो गं आपल्याकडे?" भावाने रत्नागिरीत तिला एक ओटीजी आणून दिला आहे. पनीर वितळत नाही हे पक्कं लक्षात ठेवून तिने स्वतःची रीत बसवली. पनीरची वडी रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवायची, टोमॅटो, लसूण, भोपळ्याबरोबर भाजायची, बाहेर काढल्यावर कुस्करायची आणि त्यात चक्का आणि अमूल चीजचे एक-दोन तुकडे घोटायचे. चक्का भाजायला घालायचा नाही, फुटतो. ऑलिव्हच्या तेलाऐवजी शेंगदाण्याचं. वर भरडलेला ओवा. तिने फोटो पाठवला, कडा छान करपल्या होत्या. मी फोन करून विचारलं, कसं झालं? छान झालं म्हणाली. बाबांना आवडलं? आवडलं. मग जरा थांबून, "पण त्यांना त्याच्याबरोबर पोळी हवी होती. मग मी चार लाटल्या."

मी फोन बाबांना द्यायला सांगितला. त्यांना म्हटलं, बाबा, तुम्हाला पोळी हवी असेल तर ती आधी करून डब्यात कापडात गुंडाळून ठेवायची, आणि त्या दिवशी मऊ पोळी खायची. नाहीतर पाव आणायचा, कोपऱ्यावरच्या बेकरीत सकाळी मिळतो. पण ओव्हनमधून भांडं निघालं की आईने उठायचं नाही. ते म्हणाले, "अगं, तिलाच सवय आहे, ती ऐकते कुठे." मी म्हटलं, ती ऐकते, तुम्ही आधी तिची खुर्ची ओढून द्या. ते "बघू" म्हणाले. मग विचारलं, "पाव कुठला आणू? लादी पाव की कडक?" मी सांगितलं, कडक, त्या रसात बुडवायला तोच बरा.